भिंतीवर होगार्थ, ब्रूगेल की कालीघाटचं मांजर? हाताने रंगवलेली कॉपी करून घेणाऱ्या नवख्यांसाठी

हॉलची मोठी भिंत रिकामी दिसली की आपल्याकडे ठरलेली चित्रं येतात, सात धावते घोडे, बुद्धाचा शांत चेहरा, बासरीवाला कृष्ण, नाहीतर पावसात छत्री घेतलेली पाठमोरी बाई. त्यात वाईट काही नाही, पण रोज बघून जरा हसू येईल आणि पाहुणे चहा पिता पिता "अहो, हे काय चाललंय यात?" असं विचारतील असं काहीतरी हवं असेल तर जुनी उपहासात्मक चित्रं बघा. ओरिजिनल म्युझियममध्ये आहेत, ती आपल्याला मिळायची नाहीत, पण चांगल्या चित्रकाराकडून हाताने रंगवलेली कॉपी करून घेता येते. फक्त ही कॉपी सूर्यास्ताच्या कॉपीसारखी नसते हे आधीच डोक्यात ठेवा. सूर्यास्तात एखादा ढग इकडचा तिकडे झाला तर कोणाला कळत पण नाही, इथे मात्र सगळी गंमत कुत्र्याच्या नाकात, कोणाच्या खिशातून लोंबणाऱ्या टोपीत, मागे कुठेतरी मोडून पडलेल्या गाडीत असते, आणि तेवढंच निसटलं की उरतं नुसतं जुन्या कपड्यातल्या लोकांचं चित्र. साइज, चित्रकार, फोटो, पैसे सगळं ह्याच हिशोबाने ठरवायचं.

१. ओरिजिनल पेंटिंग होतं का प्रिंट, हे आधी बघा

गडबड बहुतेक इथेच होते. उपहासाची फार प्रसिद्ध चित्रं मुळात पेंटिंग्ज नाहीतच, ती छापलेली आहेत. स्पॅनिश चित्रकार गोयाची काप्रिचोस ही ८० चित्रांची मालिका (१७९९) तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, त्यातलं रोग्याची नाडी बघणारं गाढव-डॉक्टर तुम्ही कुठेतरी पाहिलं असेल. इंग्रज व्यंगचित्रकार गिलरेचं, ब्रिटनचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन जगाचं पुडिंग सुरीने कापून वाटून घेतायत ते चित्र (१८०५) पण प्रिंटच. होगार्थचं जिन लेन हे दारूड्यांच्या गल्लीचं चित्र (१७५१), तेही प्रिंट. फ्रेंच दोमिएने तर आयुष्यात चारेक हजार लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेली चित्रं) केले, राजाला खादाड राक्षस दाखवला म्हणून तुरुंगातही जाऊन आला.

आता अशा छोट्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरून चार फुटी ऑइल पेंटिंग करून देणारे लोक आहेत, आणि माझं स्पष्ट मत आहे की ते करू नका. कोरलेल्या रेषेचा धारदारपणा ब्रशने येत नाही आणि रंग चित्रकाराच्या मनाचे पडतात. त्यापेक्षा म्युझियमच्या साइटवरून मोठी फाइल घ्या (न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या कामांच्या फाइल्स फुकट मोकळ्या केल्यात), चांगल्या कॉटन पेपरवर छापून घ्या, विषय संपला.

गिलरेच्या बाबतीत मात्र हाताने रंगवण्याला पूर्ण वाव आहे, कारण त्या काळीसुद्धा प्रिंट काळ्या शाईत छापून मग दुकानासाठी काम करणारे लोक एकेक प्रत वॉटरकलरने रंगवायचे, त्यामुळे दोन प्रतींचे रंग सारखे नसायचेच. तुम्ही पण नुसती रेषांची प्रिंट काढून घरी रंगवू शकता. पातळ वॉटरकलर, दोनतीनच रंग, रेषा झाकायची नाही. मुलांना सुट्टीत बसवायला पण बरं.

२. चित्र निवडणं

पेंटिंगच हवं असेल तर पहिलं नाव विल्यम होगार्थ (१६९७–१७६४). लंडनचा माणूस, गोष्टच्या गोष्ट पाच-सहा चित्रांत सांगायचा. मॅरेज आ-ला-मोड ही सहा चित्रांची मालिका (साधारण १७४३, लंडनच्या नॅशनल गॅलरीत) म्हणजे कंगाल उमराव आणि पैसेवाला व्यापारी यांनी पोरांच्या लग्नाचा केलेला सौदा आणि त्याची झालेली वाट. दुसऱ्या चित्रात नवरा रात्रभर उंडारून येऊन खुर्चीत पसरलाय, कुत्रं त्याच्या खिशातली परक्या बाईची टोपी हुंगतंय, बायको आळस देतेय आणि हिशोबनीस बिलांचा गठ्ठा घेऊन कपाळाला हात लावल्यासारखा निघून चाललाय. जबरदस्त चित्र आहे, फक्त कोणाला लग्नात आहेर म्हणून देऊ नका, शेवट फार वाईट आहे.

पण आपल्याकडच्या घराला एकच होगार्थ सुचवायचा तर मी निवडणुकीची चार चित्रं सांगेन (१७५४-५५, लंडनचं सर जॉन सोन म्युझियम). पहिल्यात मतदारांना जेवणावळ. दुसऱ्यात एका शेतकऱ्याच्या हातात दोन्ही पार्ट्यांचे लोक एकाच वेळी पैसे कोंबतायत. तिसऱ्यात मतदान, आजारी, मरायला टेकलेले असे सगळे उचलून आणलेत, हात गमावलेला एक सैनिक बायबलवर हाताऐवजी हूक ठेवून शपथ घेतोय आणि ही शपथ चालते का यावर वाद, आणि मागे लांबवर देशाची गाडी, म्हणजे ब्रिटानियाची बग्गी, मोडून पडलीय आणि गाडीवान वर बसून पत्ते कुटतायत. चौथ्यात विजयी उमेदवाराची मिरवणूक, खुर्चीतून पडायच्या बेतात. कोणालाही काहीही समजावून सांगावं लागत नाही, गावाकडचे काकासुद्धा दोन मिनिटात ओळखतील की हा कोण आणि तो कोण.

दुसरा मोठा पर्याय सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेल. त्याचं म्हणींचं चित्र (१५५९, बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत) म्हणजे एका गावात शंभरावर म्हणी जिवंत माणसांनी करून दाखवल्यात. वासरू बुडून मेल्यावर विहीर बुजवणारा माणूस आहे, म्हणजे आपलं बैल गेला नि झोपा केला. डुकरांपुढे फुलं टाकणारा आहे, भिंतीवर डोकं आपटणारा आहे, मांजरीच्या गळ्यात घंटा बांधणारा पण आहे. घरात शाळेतली मुलं असतील तर हेच घ्या, वर्षभर पुरतं. आणि कॉपी लावायची कसली म्हणून कोणाला कमीपणा वाटत असेल तर ऐका, ह्याच चित्राच्या बऱ्याच कॉप्या ब्रूगेलच्या थोरल्या मुलानेच (नाव वडिलांचंच, म्हणून त्याला धाकटा पीटर ब्रूगेल म्हणतात) काढून विकल्या, त्याचा तो धंदाच होता. ह्या मुलाचं स्वतःचं गावच्या वकिलाचं चित्रसुद्धा त्याच्या कारखान्यातून पुन्हापुन्हा काढलं गेलं, कागदांच्या ढिगामागे वकील आणि समोर कोंबड्या-अंडी घेऊन ताटकळणारे शेतकरी. वकील मित्राच्या ऑफिससाठी ह्याहून चांगली भेट मला तरी माहीत नाही, अर्थात मित्राला विनोद कळत असेल तर.

जर्मन जॉर्ज ग्रॉसचं समाजाचे आधारस्तंभ (१९२६) पण लोक मागतात. तिखट आहे, एकाच्या डोक्यावर मूत्रपात्र, दुसऱ्याच्या उघड्या कवटीत वाफाळती घाण. जेवणाच्या टेबलासमोर लावू नका एवढंच.

आणि आपल्या देशातलं म्हणाल तर कलकत्त्याची कालीघाट चित्रं. त्याबद्दल खाली वेगळं लिहितो, कारण तिथे हिशोबच वेगळा आहे.

३. कॉपीराइट, पटकन

भारतात चित्रकार वारल्यानंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. होगार्थ, ब्रूगेल, गोया, दोमिए, कालीघाट ह्यांचा प्रश्नच नाही. बंगाली चित्रकार गगनेंद्रनाथ टागोरांची बाबू लोकांची (तिकडच्या नव्या श्रीमंतांची) टर उडवणारी चित्रं पण मोकळी आहेत, ते १९३८ ला गेले. ग्रॉस १९५९ ला गेला म्हणजे इथे २०२० पासून मोकळा, पण युरोपात ७० वर्षं धरतात, तर तुम्ही जर्मनीत राहत असाल तर २०२९ संपेपर्यंत थांबा. आर. के. लक्ष्मण (निधन २०१५) आणि मारिओ मिरांडा (निधन २०११) यांचं काम कोणी "हुबेहूब काढून देतो" म्हणालं तरी नको म्हणा. मारिओंच्या अधिकृत प्रिंट गोव्यात त्यांच्याच नावाच्या गॅलरीत मिळतात, त्या घ्या.

४. भिंत मोजा, मग साइज

लोक दुकानातले तयार कॅनव्हास साइज बघून ऑर्डर देतात, १८ बाय २४, २४ बाय ३६ वगैरे, आणि मग चित्र त्यात कोंबतात. उलटं करा. ओरिजिनलची लांबी-रुंदी घ्या आणि त्याच प्रमाणात कमी करा. होगार्थची निवडणुकीची चित्रं साधारण १०० बाय १२७ सेंमी आहेत, म्हणजे २४ बाय ३० इंचात जवळजवळ नेमकी बसतात. म्हणींचं चित्र ११७ बाय १६३ सेंमी आहे, ते २४ इंच उंच केलं तर रुंदी साडेतेहतीसच्या आसपास येते, ३६ नाही. चित्रकाराने ३६ च्या कॅनव्हासवर ताणलं तर माणसं जाडी होतात, आणि रुंदी भरायला वरून-खालून कापलं तर कडेच्या म्हणी जातात.

मालिकेचा मोह सगळ्यांना होतो म्हणून जरा गणित करू. मॅरेज आ-ला-मोडची सहा चित्रं १८ बाय २४ मध्ये केली, फ्रेम दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच धरली, मधे तीन इंच जागा सोडली तर एका ओळीत १८३ इंच लागतात, म्हणजे सव्वापंधरा फूट. फ्लॅटमध्ये सोफा-टीव्ही-खिडकी सोडून एवढी सलग भिंत कोणाकडे असते? तीन-तीनच्या दोन ओळी केल्या तर साडेसात फुटात बसतं, पण क्रम डावीकडून उजवीकडे ठेवा, नाहीतर गोष्टीत नवरा आधी मरतो आणि लग्न नंतर लागतं. बजेट कमी असेल तर सहा छोटी करण्यापेक्षा एक मोठं चांगलं करा, हे मी कोणालाही सांगेन.

ब्रूगेल लहान करायचा असेल तर पूर्ण चित्र लहान करू नका, एक तुकडा घ्या. विहीर बुजवणारा माणूस आणि आजूबाजूचं एवढंच १६ बाय २० मध्ये काढून घेतलं तर चेहरे वाचता येतात. पूर्ण चित्र दीड फुटात मागितलंत तर चित्रकार बिचारा माणसांच्या जागी ठिपके देणार आणि त्यात त्याची काही चूक नाही.

५. चित्रकाराला काय द्यायचं

फॉरवर्ड होऊन आलेला फोटो देऊ नका. म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरची सगळ्यात मोठी फाइल घ्या, कारण एकाच पेंटिंगचे नेटवर दहा फोटो आणि दहा रंग असतात, एक पिवळा, एक निळा, आणि चित्रकार तुम्ही जो द्याल तसाच रंगवतो. ए-थ्रीवर मॅट प्रिंट काढून द्या आणि मूळ फाइल पण द्या, म्हणजे तो टॅबवर झूम करून बघेल.

होगार्थच्या बाबतीत एक खास भानगड आहे. त्याने पेंटिंग केली ती पुढे छापून विकायला, आणि मॅरेज आ-ला-मोडच्या छापील प्रती आरशातल्यासारख्या उलट्या आहेत, डावं ते उजवं. प्रिंटमध्ये रेषा स्पष्ट दिसतात म्हणून चित्रकार त्यावरून ड्रॉइंग करतात आणि रंग पेंटिंगच्या फोटोवरून घेतात, मग प्रकाश एका बाजूने आणि सावली पण त्याच बाजूला असला चमत्कार होतो. एकच काय ते ठरवा, आणि ते पेंटिंगच असू द्या. (ह्याच होगार्थने आपल्या प्रिंटच्या चोरट्या नकला विकणाऱ्यांना वैतागून पार्लमेंटकडून १७३५ साली कायदा करून घेतला होता, त्याच्या कॉपीबद्दल लेख लिहिताना हे सांगायलाच हवं.)

मग एक कागद घ्या आणि त्यावर लिहा की ह्या चित्रात काय काय दिसलंच पाहिजे. खिशातली टोपी, कुत्र्याचं नाक तिकडेच वळलेलं, नवऱ्याच्या मानेवरचा काळा डाग (तो गुप्तरोगाची खूण आहे, शाई सांडलेली नाही), हिशोबनीसाच्या हातातली बिलं. चित्रकाराला हे माहीत असायलाच हवं असं नाही, त्याने आयुष्यभर निसर्गचित्रं केली असतील, आणि माहीत नसलं की तो डाग पुसून टाकतो, त्याला वाटतं फोटोत घाण आलीय. हा कागद बिलाइतकाच महत्त्वाचा समजा.

६. चित्रकार शोधणं

मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात, त्यांच्याशी बोलून बघा. जे.जे., पुण्याचं अभिनव, कोल्हापूरच्या कला महाविद्यालयांतले शेवटच्या वर्षाचे किंवा नुकते पास झालेले विद्यार्थी हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो, त्यांना सराव होतो आणि ते तुमचं ऐकतात. नेटवरच्या परदेशी "हँडपेंटेड" दुकानांचा बराचसा माल चीनमधल्या शेनझेन शहरातल्या दाफेन गावातून येतो, तिथे हजारो चित्रकार हेच काम करतात, व्हॅन गॉगवर तर त्यांचा हात इतका बसलाय की विचारू नका, पण होगार्थ क्वचितच कोणी मागतं, म्हणून नमुना पाहिल्याशिवाय पैसे भरू नका आणि कस्टम ड्युटी धरून किंमत काढा.

चित्रकाराची परीक्षा एकाच गोष्टीत होते, कुरूप चेहरा काढता येतो का. आपल्याकडचा कमर्शियल हात कॅलेंडर आणि पोर्ट्रेटवर तयार झालेला असतो, देव सुंदर, नेते सुंदर, वारलेले आजोबा सुद्धा दहा वर्षांनी तरुण, आणि तो हात होगार्थच्या लाचखाऊ शेतकऱ्यालाही गोड करून टाकतो. म्हणून पूर्ण ऑर्डर देण्याआधी त्या चित्रातला एकच चेहरा ६ बाय ८ इंचात करून मागा, आणि त्याचे वेगळे पैसे द्या, फुकट सॅम्पल मागू नका प्लीज. चेहऱ्यावर लबाडी दिसली तर पुढे जा. छान हसरा माणूस आला तर नमस्कार करून दुसरा चित्रकार बघा.

किंमत माणसं किती आहेत त्यावर वाढते, नुसत्या इंचावर नाही, तेव्हा स्क्वेअर फुटाचा दर सांगणाऱ्याला गर्दीचं चित्र आधी दाखवा. अर्धे पैसे आधी, उरलेले शेवटी, आणि मधे दोन वेळा फोटो मागायचे. पहिला फोटो ड्रॉइंग झाल्यावर, रंग लागायच्या आधी. हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण शाळेत आपण चौकटी पाडून चित्र मोठं करायचो तसंच हे लोक करतात आणि एक चौकट सरकली की एखादा हात तोंडाजवळ जायच्या ऐवजी कानाजवळ जातो. पेन्सिल खोडता येते, सुकलेला ऑइलचा हात खोडता येत नाही. तुमचा कागद घेऊन एकेक गोष्ट टिक करा. दुसरा फोटो चेहरे झाल्यावर.

ऑइल की अॅक्रिलिक? होगार्थ-ब्रूगेलसाठी ऑइल, त्वचेचे रंग एकमेकांत मिसळायला वेळ मिळतो. सुकायला वेळ लागतो, दिवाळीला हवं असेल तर गणपतीत सांगून चालणार नाही, बरंच आधी सांगा.

सही. मूळ चित्रकाराची सही कॉपीत घालायची नाही. मागे पेन्सिलने "होगार्थवरून" आणि कॉपी करणाऱ्याचं नाव, वर्ष असं लिहून घ्या. पॅरिसच्या लूव्रमध्ये बसून कॉपी करणाऱ्यांनाही ओरिजिनलच्या साइजची कॉपी करू देत नाहीत आणि सही उतरवू देत नाहीत, तोच नियम आपणही पाळू.

७. कालीघाट: हे तुम्ही स्वतःच करा

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला कालीच्या देवळाजवळ पटुआ लोक गिरणीच्या स्वस्त कागदावर पाण्याच्या रंगात भराभर चित्रं काढून यात्रेकरूंना विकायचे. देवांची असायचीच, पण नव्या श्रीमंत बाबूंची टर उडवणारीही असायची, बायको झाडूने बदडतेय, बाबू मेंढरू झालाय. १८७३ चं एलोकेशीचं प्रकरण (तारकेश्वरच्या महंताशी असलेल्या संबंधावरून नवऱ्याने तिचा खून केला) तर त्यांनी पार धुऊन काढलं. आणि सगळ्यात प्रसिद्ध ते मांजर, कपाळावर वैष्णव टिळा आणि तोंडात कोळंबी. वरून कीर्तन आतून तमाशा.

इथे प्रत्येक चित्र एका नमुन्यावरून पुन्हापुन्हा हातानेच काढलेलं असायचं, त्यामुळे तुमच्या कॉपीला नकल म्हणायचं कारणच नाही. मागे सीन नाही, कागद तसाच रिकामा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे शेकडो आहेत, साइटवर बघायला मिळतात.

सामान: ए-थ्रीपेक्षा थोडा मोठा हँडमेड किंवा कार्ट्रिज कागद, वॉटरकलर किंवा पातळ केलेला पोस्टर कलर, एक चपटा ब्रश, एक टोकदार गोल ब्रश. आधी रद्दी पेपरवर मांजराच्या पाठीची लांब वळणदार रेषा एका दमात ओढायचा सराव करा, खांद्यातून हात हलवा, मनगटातून नाही. जमली की कागदावर अगदी फिकट पेन्सिल, मग रंग. गोलाई आणायला चपट्या ब्रशची एक कड रंगात बुडवा, दुसरी नुसत्या पाण्यात, आणि रंगाची कड बाहेरच्या बाजूला ठेवून आकाराच्या कडेने ओढा, बाहेर गडद आत फिकट आपोआप येतं. शेवटी काळी रेषा. रेषा थरथरली तर त्यावर पुन्हा गिरवू नका, नवीन कागद घ्या, कागद स्वस्त आहे. टिळा आणि कोळंबी सगळ्यात शेवटी आणि नीट, कारण टिळ्याशिवाय ते नुसतं मासे खाणारं मांजर.

८. हातात आल्यावर

पार्सल आलं की आधी खरंच रंगवलेलं आहे का बघा. कॅनव्हासवर प्रिंट मारून वर पारदर्शक जेल ब्रशने फिरवून "हँडपेंटेड" म्हणून विकतात. मोबाइलचा टॉर्च बाजूने आडवा धरा, ब्रशचे उंचवटे चेहऱ्याच्या, कपड्याच्या वळणाप्रमाणे गेले पाहिजेत, सगळीकडे एकसारखे फटकारे दिसले तर शंका घ्या. मग जवळून मॅक्रो फोटो काढा, बारीक रंगीत ठिपके दिसले की ती प्रिंट.

रोल करून येणार असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायला सांगा, आत ठेवली की रंग चेपतो, आणि चारी बाजूंना दोन-दोन इंच रिकामा कॅनव्हास ठेवायला सांगा नाहीतर फ्रेमवाला ताणताना कडेचा माणूसच मागे दुमडून टाकतो. ऑइलवर फायनल वॉर्निश लगेच नाही, साधारण सहा महिन्यांनी. तोवर नुसतं लावून ठेवा, काही होत नाही.

कॅनव्हासला काच नको, कागदावरच्या कालीघाटला काच हवीच आणि मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवा म्हणजे काच कागदाला चिकटणार नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, त्या भिंतीवर लावू नका, आणि कुठेही लावलं तरी फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बुच लावा, हवा खेळती राहते आणि बुरशी कमी. मधला भाग डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून ५८ इंचांच्या आसपास. आपल्याकडे चित्रं उगाच छताजवळ टांगतात, देवाच्या फोटोला ते ठीक आहे, इथे वाकून बिलं वाचायची आहेत.

परदेशात घेऊन जाणार असाल, लेकाकडे अमेरिकेला वगैरे, तर चित्रकाराचं बिल आणि तयार होत असतानाचे फोटो सोबत ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या चित्रांना देशाबाहेर नेता येत नाही, आणि चांगली कालीघाट कॉपी जुन्यासारखी दिसली तर एअरपोर्टवर प्रश्न येऊ शकतो. शंका वाटली तर पुरातत्त्व खात्याकडून ही प्राचीन वस्तू नाही असा दाखला आधीच घेऊन ठेवा, तिकीट काढल्यावर धावपळ नको.